पेरणी झाली की

ताडपत्रीवर पसरलेल्या ओटच्या ढिगात तिनं वाटाण्याची पाटी उपडी केली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी बी कालवायला घेतलं. वाटाणे जड, ओट हलका. कितीही खालवर केलं तरी वाटाणे घरंगळून तळाशी जात आणि वर नुसता ओट उरे. एरवी हे काम ती गुणगुणत करायची. आज मधेच हात झटकून उभी राहायची, फाटकाकडे पाहायची आणि पुन्हा बसायची.

रस्त्यावर ट्रॅक्टरचा मागमूस नव्हता.

"आला का?" गोठ्याच्या दारातून सासऱ्यांनी विचारलं.

"येतोय म्हणाला."

"'आलोच' म्हणाला का?"

"'आलोच' म्हणाला."

"मग संध्याकाळ झाली म्हणायची."

ट्रॅक्टरवाल्याला सगळी वस्ती 'आलोच' या नावानंच ओळखत होती. फोन लावला की पलीकडून पहिला शब्द तोच यायचा, आणि माणूस यायचा तो त्याच्या सवडीनं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सासरकडच्यांनी फोन केला तेव्हाही तो हेच म्हणाला होता असं लोक सांगत, आणि तो ते नाकारत नसे.

सासरे फाटकापर्यंत गेले, रस्ता पाहून परत आले. येताना वाटेतला एक दगड उचलून त्यांनी कुंपणाच्या कडेला नीट ठेवला. मग पुन्हा फाटकाकडे निघाले. तिला वाटलं, आपली चुळबुळ यांना लागली. या घरात एकाला सर्दी झाली की दुसऱ्याचं नाक वाहायचंच.

"बाबा, बसा ना जरा."

"बसतोय की," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

जमीन वाफशावर आली होती. मागच्या पावसाचं पाणी मुरून, मुठीत धरलेल्या मातीचा गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, इतकी नेमकी ओल उरली होती. ही ओल फार दिवस थांबत नाही. कोरडा वारा लागला की वरची माती भाजल्यासारखी होते, आणि पुन्हा पाऊस आला तर नुसता चिखल. वारा सकाळपासून सुटला होता आणि पश्चिमेला ढगही जमत होते, म्हणजे दोन्हीकडून घाई.

"वरच्या तुकड्यात गहू," ती बोट दाखवत म्हणाली, जणू सासरे इथे पाहुणे आले होते. "विहिरीपाशी बरसीमचा हिरवा चारा. आणि खालचा तुकडा अख्खा ओट-वाटाणा."

"अख्खा कशाला? निम्मा पुरे."

"गाय व्यायली की दुप्पट खाईल."

"एक गाय आहे सूनबाई. हत्ती नाही बांधलेला."

"उरला तर वाळवून ठेवता येईल."

"कोण वाळवणार?"

ढिगात हात खोल घालून तिनं तळाचे वाटाणे वर काढले आणि बोटांतून सोडून दिले.

चारा वाळायच्या दिवसांत ती इथे नसणार होती. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

बंदराच्या शहरात एक बाई होती. वर्षानुवर्षं ती आठवडी बाजारातून हिच्याकडची टोमॅटोची, कोबीची रोपं न्यायची. तिनं आता तिकडे मोठी रोपवाटिका काढली होती. बी रुजवण्यापासून रोपं विक्रीला लावेपर्यंत सगळं पाहणारं माणूस तिला हवं होतं. दुकानाच्या वर एक खोली होती, खिडकीतून पाणी दिसायचं. "थंडी पडायच्या आत ये," बाई फोनवर म्हणाली होती, "नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल." आणि हिच्या तोंडून "येते" निघून गेलं होतं. विचार करून नाही. घसरून पडावं तसं. फोन बंद केल्यावर कितीतरी वेळ ती बाजाराच्या मधोमध उभी होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते.

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. तिनं गोठ्याचे पत्रे बदलून घेतले, पाण्याची टाकी खरवडून धुतली, सासऱ्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं पक्की केली.

"माझी बटणं काय पळून चालली होती?" सासऱ्यांनी विचारलं होतं.

"सैल झाली होती."

"मीही झालोय. मलाही एक टाका घाल."

ती या घरात लग्न करून आली तेव्हा या तीन तुकड्यांवर सासूचं राज्य होतं. सासरे टपालखात्यात. दिवसभर पत्रं वेगळी करायची, संध्याकाळी येऊन पाय धुवायचे. मातीशी त्यांचा संबंध तेवढाच. शेतातलं जे काही ती शिकली ते सासूकडून. मग सासू गेली, आणि त्यानंतर वर्षभरात नवरा कामासाठी समुद्रापलीकडे गेला तो तिकडचाच झाला. तिकडे त्यानं दुसरं घर मांडलं. रीतसर कागद आले, सह्या झाल्या. सही करून ती परत आली तेव्हा धार काढायची वेळ झाली होती, म्हणून तिनं बादली उचलली. आता जायचं कुठे, हा प्रश्न त्या संध्याकाळी मागे पडला तो पडलाच. सासऱ्यांनी तिला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांनी दोन कप चहा केला आणि एक तिच्यापुढे सरकवला.

अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? पेरणी झाली की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. चारा रुजला, गहू जमिनीत गेला, म्हणजे आपण काहीतरी ठेवून चाललो असं तरी वाटेल.

ट्रॅक्टर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"वहिनी, म्हटलं होतं ना, आलोच," ट्रॅक्टरवाला उडी मारून उतरत म्हणाला.

"कुठल्या साली ते बोलला नव्हतास," सासरे म्हणाले.

"काका, तुमचं आपलं काहीतरीच. बोला, कुठून सुरू करू?"

"खालचा तुकडा अख्खा फिरव," ती म्हणाली.

"निम्मा," सासरे म्हणाले.

"अख्खा."

"निम्मा म्हटलं ना."

ट्रॅक्टरवाल्यानं एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. घरच्या भांडणात ट्रॅक्टर घालू नये, एवढं शहाणपण त्याला होतं. "तुमचं ठरू द्या," तो म्हणाला, "तोवर मी वरचा करतो." आणि तो वर निघून गेला.

ढेकळं फुटली, माती भुसभुशीत झाली, तसं तिनं कमरेला पाटी बांधून गहू पेरायला घेतला. सासूनं शिकवलेली पद्धत साधी होती. उजवं पाऊल टाकायचं, मूठ भरायची. डावं पाऊल टाकायचं, मूठ अर्धगोल फिरवत सोडायची. पावलाची आणि हाताची गाठ बसली की डोक्याला काही काम उरत नाही. आज ती गाठ बसत नव्हती. पाय हाताच्या पुढे धावत होते. मागून ट्रॅक्टरवाला फळी ओढून बी झाकत येत होता आणि पारवे कुंपणावर बसून त्याच्या चुका शोधत होते.

बांधाशी वळताना त्यानं इंजिन बंद केलं, बाटली काढून पाणी प्यायला.

"इकडे फार दाट टाकताय, वहिनी. वाऱ्यानं आडवा पडला तर कापताना माझे हाल."

"तुझे का? कापणी आम्हीच करतो की दरवर्षी."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काका बोलले नाहीत?"

"काय?"

"काही नाही. सहज."

"अर्धवट बोलू नकोस."

"अहो, गहू मी कापायचा, नांगरट मी करायची, एकूण जमिनीचं मीच बघायचं असं काकांनी ठरवलंय. म्हणाले, पुढच्या हंगामात घरात माणूस कमी असेल. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणारच." तिचा चेहरा पाहून तो थांबला, आणि घाईघाईनं इंजिन सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठेतरी पोचायची गडबड झाली होती.

ती पाटी धरून तशीच उभी राहिली. घरात माणूस कमी असेल. म्हणजे त्यांना कळलं होतं. कसं कळलं? बाजारात कुणी ऐकलं असेल, किंवा कुणी सांगायचीही गरज नसेल. जन्मभर पाकिटावरचं अक्षर लावण्यात घालवलेला माणूस, समोरचा चेहरा लावू शकणार नाही का? आपण पत्रे बदलत होतो, बटणं शिवत होतो, आणि ते गप्प बसून सगळं बघत होते. वर तिला अडवायचं सोडून मागची सोयही लावून मोकळे झाले होते.

तिनं पेरायचा प्रयत्न केला. दहा पावलांत एका ठिकाणी बी दाट पडलं आणि एका ठिकाणी पडलंच नाही. मग पाटी बांधावर ठेवून ती विहिरीकडे निघाली.

सासरे बरसीमच्या वाफ्याशी उकिडवे बसले होते. बरसीमचं बी फार बारीक, वाऱ्यावर उडतं, म्हणून ते घमेल्यात कोरडी माती घालून त्यात ते बी मिसळत होते. ती समोर उभी राहिली तशी त्यांनी मान वर केली.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"आलोच बोलला वाटतं," ते त्याच वेळी म्हणाले. "त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. मीच सांगणार होतो तुला."

त्यांनी हात झटकले, उठायचा विचार केला आणि तो सोडून दिला.

"अक्काला आता दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणजे उजेड-अंधार कळतो, माणसं कळत नाहीत. परवा शेजारीण आली होती, तिला चहात मीठ घालून दिलं. आणि वर सांगितलं, आमच्यात असाच पितात."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, घाटापलीकडच्या गावात एकटी राहणारी. फोनवर ती ओरडून बोलायची, कारण ऐकायला आपल्याला नव्हे, समोरच्याला कमी येतं असं तिचं ठाम मत होतं.

"जन्मभर तिनं मला हुकूमच सोडले. हे आण, ते कर, इकडे ये. या खेपेला 'ये' म्हणाली नाही. 'जमलं तर बघ' म्हणाली. तेव्हा मी घाबरलो."

"म्हणजे तुम्ही जाणार?"

"जावं लागेल."

पुढचं काही तिच्या कानात नीट शिरेना. वारा होता, ट्रॅक्टर होता. सासरे घमेल्यातल्या मातीत बोटानं रेघा ओढत होते आणि बोलत होते. दोन वर्षं मनात आहे. तुझ्याकडे बघून धीर होत नाही. आधी मुलगा टाकून गेला, आता बापही निघाला, असं तुला वाटणार. म्हणून आलोचला सांगून ठेवलं, की कापणी-नांगरट तुझ्या एकटीच्या गळ्यात नको. म्हणून म्हणतोय, खालचा तुकडा निम्माच पेर.

"कधी सांगणार होता मला?"

"पेरणी झाली की."

खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. एवढे दिवस छातीवर घेऊन फिरलेलं ओझं समोरच्यानं आपण होऊन उचललं होतं. तिनं हसून "अहो बाबा, मीसुद्धा" एवढंच म्हणायचं बाकी होतं. पण तिची कानशिलं तापली.

"आणि गाय?"

"गाय राहील की तुला. सोबत होईल."

"तुम्ही अक्कांकडे, आणि मला सोबत गाय."

"तसं नव्हे गं."

"कोंबड्या पण ठेवताय, की नेताय?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. तिनं आणखी काही बोलायच्या आत स्वतःला वळवलं आणि खालच्या तुकड्याकडे चालू लागली. मागून हाक आली नाही. आली असती तरी ती थांबली नसती.

ट्रॅक्टरवाला खालच्या तुकड्याच्या तोंडाशी येऊन उभा होता.

"वहिनी, ठरलं का? निम्मा की..."

"अख्खा."

त्यानं एकदाही काकांकडे न पाहता अख्खा तुकडा फिरवून दिला.

ओट-वाटाण्याची पाटी भरून ती पुढे सरली. आता हात चालत होता, इतका की मूठ भरल्याचं कळत नव्हतं आणि सोडल्याचंही. राग येत होता आणि तो कुणावर हे सापडत नव्हतं. जायचं तिनंही ठरवलं होतं, तिनंही लपवलं होतं, तिचाही मुहूर्त हाच होता. मग हे दुखतंय काय? एकाच घरात दोनदा मागे राहायची वेळ आली, हे? की आपण गेल्यावर कुणीतरी दारात उभं राहून वाट बघेल, असं आपण धरून चाललो होतो, ते? तिला स्वतःची लाज वाटली आणि त्यानं राग आणखीच वाढला.

तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी हललं. सासरे दुसरी पाटी घेऊन उतरले होते. पेरणीत ते कधी उतरायचे नाहीत. हात वाकडा फिरत होता, बी एकीकडेच पडत होतं. तरी ते येत राहिले, ओळीनं, तिच्या दिशेनं. वस्तीवरचा सगळा उजेड पिवळा झाला होता आणि पावसाचे पहिले मोठे थेंब मातीत खड्डे पाडू लागले होते. ट्रॅक्टरवाला दोघांच्या मागे आळीपाळीनं फळी फिरवत होता आणि जिभेला आवर घालत होता.

तुकड्याच्या मध्यावर दोघं समोरासमोर आले.

"मीही जाणार आहे," ती म्हणाली.

"जा, भिजतेयस. उरलेलं मी टाकतो."

"घरात नाही. बंदराच्या शहरात. रोपवाटिकेत काम आहे, वर राहायला खोली आहे. मी हो म्हणून बसलेय."

सासरे भरलेली मूठ तशीच धरून उभे राहिले. थेंब त्यांच्या टकलावर पडत होते आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं.

"कधी ठरलं?"

"उन्हाळा सरताना."

"आणि मला कधी..." ते म्हणता म्हणता थांबले. मग स्वतःच म्हणाले, "पेरणी झाली की."

तिनं मान हलवली.

त्यांनी मूठ उघडली. सगळं बी एकाच जागी, त्यांच्या पायाशी पडलं.

"बरं झालं," ते म्हणाले. पाटी उचलून चार पावलं पुढे गेले आणि तिच्याकडे न बघता पुन्हा म्हणाले, "बरं झालं." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज पहिल्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसले तेव्हा छपरावर पाऊस सरळ, शांत पडत होता. पेरणीला याहून चांगला पाऊस मागून मिळाला नसता. दोघांनीही ते बोलून दाखवलं. सासऱ्यांनी आपला कप धुतला, पालथा घातला, थोड्या वेळानं उचलून पुन्हा धुतला.

"खोलीत ऊन येतं का?" त्यांनी विचारलं.

"पाहिली नाही अजून. खिडकी आहे म्हणे."

"खिडकी म्हणजे कुठल्या बाजूला हे विचारून घे."

"विचारते." मग तिनं विचारलं, "अक्का तुम्हाला शिजवून घालणार की तुम्ही त्यांना?"

"मीच. मिठाच्या डब्याला दोरा बांधून ठेवणार."

ती हसली. तेही हसले. पण हसू दोघांचंही लवकर संपलं.

गहू उगवला. वरून पाहिलं की तिच्या हाताची चलबिचल मातीवर स्पष्ट दिसायची; कुठे दाट हिरवा पट्टा, कुठे टक्कल. खालच्या तुकड्याच्या मधोमध ओट-वाटाण्याचा एक दाट झुपका वर आला होता, कुणीतरी कुंडीत लावल्यासारखा. त्याकडे दोघंही बघायचे आणि त्याविषयी बोलायचे नाहीत. गाय ट्रॅक्टरवाल्यानं न्यायची ठरलं. वासरू झालं की दूध त्याचं, आणि चाराही त्याचाच.

राहिला प्रश्न आधी कुणी जायचं हा.

"तू जा आधी," सासरे म्हणायचे. "खोली हातची जाईल."

"तुम्ही जा. अक्का एकट्या आहेत."

"अक्का सत्तर वर्षं एकटीच आहे. सगळ्यांना घालवून एकटी झालीय ती."

"मी सगळं आवरून, कुलूप लावून निघते."

"कुलूप मला लावता येतं."

एकमेकांना आधी पाठवायचा हा आग्रह इतका वाढला की एका सकाळी ती चिडून बोललीच नाही, आणि दुपारी ते जेवलेच नाहीत. रोपवाटिकेच्या बाईचा फोन आला, तेव्हा ती "येतेच" म्हणाली आणि म्हणताक्षणी जीभ चावली. ट्रॅक्टरवाल्याची लागण झाली होती. थंडी आता पहाटेची दाराशी येऊन थांबू लागली होती. सासरे रोज पेटी भरायचे आणि घालायचे कपडे आतच गेले म्हणून रोज उपसायचे. ती भांडी बांधायची आणि एखादं पातेलं लागायचंच म्हणून गाठोडं सोडायची. कुणाच्याच हाताला स्वस्थता नव्हती.

शेवटी निकाल अक्कांनी लावला. फोन कानापासून हातभर लांब धरूनही त्यांचं बोलणं अंगणात ऐकू येत होतं.

"दोघं एकाच दिवशी निघा की, मूर्खांनो. त्यात एवढं काय आहे?"

त्यात खरंच काही नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी गाय न्यायला ट्रॅक्टरवाला यायचा होता. त्या दिवशी तो ठरल्या वेळेला हजर झाला, आणि दोघांनाही ते आवडलं नाही. गाय फाटकाशी अडली. तिनं गाईच्या मानेवर हात ठेवून सोबत चालायला सुरुवात केली तशी गाय निघाली, आणि सासरे मागून काठी न उगारता, नुसती हातात धरून, ट्रॅक्टरवाल्याच्या गोठ्यापर्यंत चालत गेले.

सकाळी तिनं कडी घातली, त्यांनी कुलूप लावलं. किल्ली ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोकडे दिली. ती दोघांच्या पाया पडायला वाकली, पण ऐनवेळी तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तशीच आत पळाली.

फाट्यावरच्या निवाऱ्याखाली एकच बाक होता. त्यांची पेटी, तिचं गाठोडं आणि पिशव्या त्यावर ठेवल्या तर बसायला जागा उरली नाही, म्हणून दोघं उभे राहिले. घाटाकडे जाणारी गाडी आणि बंदराकडे जाणारी गाडी, दोन्ही इथेच थांबत. कुठली आधी येईल याचा नेम नसे. रस्त्यावर धुकं होतं. पलीकडे कुणाच्या तरी शेतात जव उगवला होता आणि त्याच्या पात्यांवर दव होतं.

"पोचलीस की फोन कर," सासरे म्हणाले.

"तुम्हीही."

"गोळ्या घेतल्यात मी. तू विचारायच्या आत सांगतो."

"मी विचारणार नव्हते."

"विचारणार होतीस."

ती हसली नाही. गाठोड्याची गाठ घट्टच होती, तरी तिनं ती ओढून पाहिली. ते रस्त्याच्या कडेला गेले, वाकून दूरवर पाहिलं, परत आले. पुन्हा गेले. या वेळी तिनं त्यांना बसा म्हटलं नाही.

घाटाकडची गाडी धुक्यातून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर येऊन थांबली. दार उघडलं. कंडक्टरनं खाली वाकून पेटीकडे हात केला. गाडीत पुढे एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, मागे दोन माणसं होती. मधली सगळी बाकं मोकळी होती.

सासऱ्यांनी पायरीवर एक पाय ठेवला, आत पाहिलं, मग पाय खाली घेतला.

"गर्दी आहे फार," ते म्हणाले. "मागची बघतो."

कंडक्टरनं मागे वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तो काही बोलणार होता, पण त्याची नजर तिच्यावर गेली आणि त्यानं घंटी मारली.

गाडी गेल्यावर तिनं बाकावरच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या. दोघांना पुरेल एवढी जागा झाली. ते बसले, तीही बसली. बराच वेळ दोघांनी समोरच्या जवाकडे पाहिलं.

वळणावर पुन्हा दिवे दिसले. ही बंदराची होती, पाटी लांबूनच वाचता येत होती. सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. पट्टा मघापासून लागलेलाच होता.